सावलीच्या बाजूने

चाळिशी उलटलेल्या चार बायका पाठीला सॅक लावून हिंडायला निघणार म्हटल्यावर घरोघरी पहिली चौकशी झाली ती गुडघ्यांची. मग "टूरबरोबर का जात नाही? जेवणसुद्धा आपलं मिळतं" हे झालं. तिसरी शंका कोणी बोलून दाखवली नाही, पण ती चहाच्या कपांभोवती घोटाळत होतीच: घरचे बरोबर नाहीत, मग मजा कसली येणार? तिचं उत्तर आम्हीही बोलून दाखवलं नाही.

चौघी पुण्यात वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर राहिलेल्या. एक शाळेत भूगोल शिकवते, तिला आम्ही बाई म्हणतो. आता तिचा नवराही म्हणतो. दुसरी सिव्हिल इंजिनीअर, तिला नुसतंच इंजिनीअर. तिसरीने आमच्याच वर्गातल्या मुलाशी लग्न केलं आणि एका दिवसात सगळ्यांची वहिनी झाली. ती शाकाहारी, अंड्यालाही हात न लावणारी. चौथी मी. माझ्यात कोणताच विशेष गुण न सापडल्यामुळे सामायिक बटवा माझ्याकडे आला. आधी टीटीएमएम करून बघितलं होतं, पण चार कॉफ्यांचे चार हिशेब होईपर्यंत कॉफी निवते.

नियम दोनच. पाठीवर आठ किलोंच्या वर काही घ्यायचं नाही, आणि चाकांची बॅग आणायची नाही. दुसऱ्या नियमावर वहिनीने निघेपर्यंत हुज्जत घातली. ती लिस्बनला पोचल्यावर आपोआप मिटली. तिथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे मुठीएवढे तुकडे हाताने एकेक बसवून केलेले. लाटा, तारे, जहाजं अशी नक्षी. देखणे खरे, पण माणसांच्या पायांनी घासून घासून इतके गुळगुळीत झालेले, की उतारावर भिंतीला हात लावून चालावं. आणि लिस्बनमध्ये चढ आणि उतार यांखेरीज तिसरा प्रकार फारसा नाहीच. पहाटे कोणाची तरी चाकांची बॅग खिडकीखालून खडखडत गेली की अख्खी गल्ली जागी व्हायची आणि वरच्या बंकवरून वहिनीचा आवाज यायचा, "कळलं, कळलं."

तिसरा प्रकार, म्हणजे सपाटी, सापडतो तो बाइशा भागात. तिथे रस्ते सरळ, काटकोनात, घरं एका उंचीची. हा भाग सपाट आणि सरळ असण्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सगळ्या संतांच्या सणाची प्रार्थना चालू असताना, भूकंप झाला. चर्चमध्ये माणसं दाटलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंपानंतर नदीच्या मुखातून त्सुनामी आत शिरली आणि उरलंसुरलं शहर आगीत कित्येक दिवस जळत राहिलं. पुढे राजाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, याने हा भाग नव्याने आखून घेतला. प्रत्येक घराच्या भिंतीत लाकडाचा पिंजरा, आडव्या-उभ्या तुळयांमध्ये फुलीसारखे तिरके दांडे. पुन्हा जमीन हलली तर दगडविटा पडतील, पण पिंजरा लवून उभा राहील, ही कल्पना. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. एका दुकानात मालकाने भिंतीचा तुकडा उघडा ठेवून त्यावर काच बसवली होती. इंजिनीअर तिथे इतका वेळ थांबली, की दुकानदाराने तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. आम्ही बाकीच्या तिघी बाहेर. बाईचा चेहरा बघण्यालायक झाला होता, कारण तिच्या तक्त्यात त्या वेळेला किल्ला होता.

हो, तक्ता होता. बाईने रंगीत चौकटींचा तक्ता केला होता, सकाळी साडेसात ते रात्री साडेनऊ. शाळेच्या वेळापत्रकाची सवय. लिस्बनमध्ये तो तक्ता बऱ्यापैकी पाळला गेला, कारण तिथे अटलांटिकचं वारं आहे. जूनमधली दुपारसुद्धा चढावर घाम काढते आणि वळणावर तो सुकवते. शिवाय दुपारी झोपणारे ते शेजारचे, आम्ही नाही, असं पोर्तुगीज माणूस जरा अभिमानानेच सांगतो.

आम्ही गेलो तेव्हा संत अंतोनियोचा सण होता. १२ जूनच्या रात्री आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून दारादारांत शेगड्या पेटतात आणि त्यांवर सार्डिन मासे भाजतात. कागदाच्या झालरी, गाणी, धूर. आम्ही तिघींनी पावावर ठेवलेला मासा हातात धरून खाल्ला. वहिनी त्या धुरात केळं खात उभी होती. तिची दया येऊन एका आजीबाईने तिला कुंडी विकली. विकली, दिली नाही. आजी व्यवहाराला पक्की होती. कुंडीत तुळशीच्या कुळातलं, बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल रोप, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. या सणाला प्रेमिकांनी एकमेकांना द्यायची ही रीत. रोपाला नाक लावून वास घ्यायचा नाही, तळहात हलकेच फिरवायचा आणि तो हुंगायचा. वहिनीने हे लगेच मान्य केलं. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही, हे ती लहानपणापासून पाळत आलेली. आठ किलोंच्या नियमात कुंडी बसते का, यावर मतदान झालं. हातात धरली तर बसते, असं ठरलं.

लिस्बनच्याच नदीकाठच्या बेलें भागात जाताना बाई गप्प होती. ती मूळची वसईची. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली, हे आम्ही परीक्षेपुरतं वाचलेलं. तिच्या घरामागे त्या किल्ल्याचा तट आहे. बेलेंच्या जेरोनिमस मठात आत शिरताच वास्को द गामाचं थडगं. तो मेला कोचीत, १५२४ मध्ये. हाडं नंतर इकडे आणली. मठाचे खांब दोरखंडांच्या, वेलींच्या, समुद्री जिवांच्या कोरीवकामाने भरलेले आहेत आणि या साऱ्याचा पैसा मोठ्या प्रमाणावर मसाल्याच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून आला. बाईने थडग्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाली, "मिरी तिकडची, मठ इकडचा. बरं, घंटा तरी आपण आणल्या."

मग बाहेर नदीकाठी बसल्यावर तिने सांगितलं. वसईच्या मोहिमेनंतर तिथल्या परिसरातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या आणि त्या कुठकुठल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात आहे ती त्यांतलीच. आम्ही तिघींनी ती घंटा पाहिलेली होती. ती कुठून आली असेल, असं मनात आलं नव्हतं.

लिस्बनहून सेवियाला थेट रेल्वे नाही. दोन शेजारी देशांतली एवढी मोठी शहरं, पण रेल्वेने जायचं तर लांबचा वळसा. म्हणून सगळे गरीब प्रवासी बसने जातात. ग्वादियाना नदीवरचा पूल ओलांडला की स्पेन. ना कोणी पासपोर्ट बघत, ना कोणी कुंडी तपासत. फक्त फोनमधलं घड्याळ एक तास पुढे उडी मारतं. सूर्य मात्र जागचा हलत नाही. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने आपली घड्याळं जर्मनीच्या वेळेला जुळवली आणि ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. त्यात उन्हाळ्याचा जादा तास. म्हणून जूनमध्ये सेवियाला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास आणि डोक्यावर येतो दुपारी अडीचला. सर्वात जास्त तापतं ते संध्याकाळी पाच-सहाला. बाईच्या तक्त्याला हे ठाऊक नव्हतं.

सेवियात पहिल्या दुपारी एका औषधाच्या दुकानावरची हिरवी पाटी ४२ दाखवत होती. मी विदर्भातली. बेचाळीसची मला भीती नाही, असं मी म्हणालेही. पण नागपूरला बेचाळीसमध्ये मी कधी आठ किलो पाठीवर घेऊन पत्ता शोधत फिरले नव्हते. २०२२ मध्ये या शहराने उष्णतेच्या लाटांना वादळांप्रमाणे नावं द्यायला सुरुवात केली. पहिलीचं नाव झोए.

त्या शहरात चालायचं कसं, हे आम्हाला शहरानेच शिकवलं. अरुंद गल्लीत एका बाजूला सावलीची पट्टी असते, कधी हातभर रुंद, कधी वीतभर. सगळे लोक त्या पट्टीतून एकामागे एक चालतात. समोरून म्हातारं माणूस आलं तर तरुण माणूस उन्हात उतरतो. आमच्यासाठी किती जण उतरले, त्यावरून आमचं वय आम्हाला कळलं. सिएर्पेससारख्या बाजाराच्या रस्त्यांवर उन्हाळाभर एका गच्चीपासून दुसऱ्या गच्चीपर्यंत पांढरी कापडं ताणलेली असतात. बैलांच्या झुंजीच्या रिंगणातही सावलीतल्या बाकांचं तिकीट उन्हातल्यापेक्षा महाग. झुंज आम्ही पाहिली नाही, पाहायचीही नव्हती. रिंगणाच्या दारावरचा दरफलक मात्र मी लक्षपूर्वक वाचला. बटवा माझ्याकडे होता.

दोन वाजता दुकानांची शटरं खाली आली. पुण्याच्या एक ते चारचा विनोद चौघींनी एकेकदा केला आणि मग त्यावर बंदी घालण्यात आली. खरं तर तिथेही आता सगळे काही दुपारी झोपत नाहीत. नोकरदार माणूस एसीत संगणकासमोरच असतो. पण रस्ते ओस पडतात. बाईच्या तक्त्यात तीन ते सहा "राजवाडा, बाग" असं लिहिलं होतं. अर्ध्या वाटेवर ती एका संत्र्याच्या झाडाखाली थांबली, तक्त्याची घडी घातली आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली. त्यानंतर तो कप्पा उघडला गेला नाही. (रस्त्यांवरची ती संत्री कडू असतात. ब्रिटिशांच्या मार्मलेडला चालतात, चालून दमलेल्या माणसाला नाही.)

हॉस्टेलच्या मध्यभागी चौक होता, अगदी वाड्याचा असावा तसा, चारी बाजूंनी खोल्या आणि वर मोकळं आकाश. खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतींना चिनीमातीच्या रंगीत फरशा, मध्ये थुईथुई उडणारं छोटं कारंजं, कडेने कुंड्या. सकाळी दहाला एक मुलगा दोरी ओढून वर कापड पसरायचा आणि रस्त्याकडची दारं-खिडक्या लावून घ्यायचा. रात्री कापड गुंडाळायचं, दारं उघडायची. इंजिनीअरने समजावलं: रात्रीची गार हवा जड, ती चौकात उतरून साठते, दिवसभर तिला कोंडून ठेवायचं, झाडं आणि पाणी तिला आणखी गार करतात. यंत्र कुठलंच नाही, फक्त वेळच्या वेळी दोरी ओढायला माणूस हवा.

त्या चौकात आम्ही दुपारीच्या दुपारी काढल्या. आधी नाइलाजाने, नंतर लबाडीने.

पुण्या-मुंबईत आम्ही भेटतो ते असं: व्हॉट्सअ‍ॅपवर महिना-दीड महिना तारखांची ओढाताण, मग एखाद्या हॉटेलात दोन तास. त्यात प्रत्येकीचं बातमीपत्र. मुलांची मार्कं, सासऱ्यांचं ऑपरेशन, बढती, बदली, जागेचे भाव. चौथीचं बातमीपत्र संपेपर्यंत बिल येतं. या चौकात बातम्या पहिल्याच दुपारी संपल्या. दुसऱ्या दुपारी पत्ते खेळलो. तिसऱ्या दुपारी पत्त्यांचाही कंटाळा आला, कोणी काहीच बोलेना, कारंज्याचा आवाज तेवढा येत होता, आणि इंजिनीअर म्हणाली, "मी नोकरी सोडून आठ महिने झाले."

आठ महिने. मधल्या काळात आम्ही तिच्या वाढदिवसाला भेटलो होतो. तिने तेव्हा साइटवरचे किस्सेही सांगितले होते. जुने असणार. तिने एका पुलाच्या कामावर सही करायला नकार दिला होता. मग जे होतं ते झालं. घरात नवऱ्याला माहीत होतं, आईला नाही. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही 'बरोबर केलंस' म्हणाला असतात," ती म्हणाली. "आणि मला ते बरोबर केलं की नाही, तेच कळत नव्हतं."

आम्ही "बरोबर केलंस" म्हणालो नाही. वहिनीने उठून सगळ्यांच्या बाटल्या भरून आणल्या. थोड्या वेळाने वहिनीने सासूबाईंबद्दल सांगितलं: त्या तिला आता ओळखत नाहीत, पण भाजी कुणी चिरली ते चवीवरून ओळखतात. आम्हाला त्या आजाराचं नाव माहीत होतं. भाजीचं माहीत नव्हतं.

भाजीवरून आठवलं. वहिनी उपाशी राहील, ही सगळ्यांची भीती सेवियाने खोटी ठरवली. तिथे घरोघरी आणि बारोबारी पालक आणि काबुली चणे यांची भाजी मिळते, जिरं आणि लसूण घालून. वहिनीने पहिल्या घासाला डोळे मिटले. धोका दुसरीकडे असतो. गार टोमॅटोचं घट्ट सार मागवलं, तर वर अंड्याचे आणि डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले, आपण कोथिंबीर घालतो तितक्या सहजपणे. "सिन हामोन", म्हणजे त्या डुकराच्या मांसाशिवाय, हे दोन स्पॅनिश शब्द तिने आधी पाठ केले आणि उरलेली सगळी भाषा त्यांच्यावर निभावून नेली. जुन्या बारमध्ये वेटर आपला हिशेब समोरच्या लाकडावर खडूने लिहितो आणि पैसे दिले की फडक्याने पुसतो. मला ही पद्धत फार आवडली. बटव्याचा आमचा आपसातला हिशेबही मग तसाच ठेवला, म्हणजे पुसून टाकला.

संध्याकाळी हिराल्डा चढलो. मूळचा बाराव्या शतकातला मशिदीचा मिनार. सोळाव्या शतकात त्यावर घंटांचा मजला चढवला. आत जिने नाहीत, चढण आहेत, एकूण ३५. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून. गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना तिथून फोटो पाठवले. कुंडी सेवियातच राहिली. निघताना वहिनीने ती चौकातल्या बाकीच्या कुंड्यांत ठेवून दिली आणि दोरीवाल्या मुलाला खुणेने हुंगायची रीत शिकवली.

कोर्दोबाला जलद गाडीने पाऊण तास. तिथल्या मशिदीत, म्हणजे आताच्या कॅथीड्रलमध्ये, रविवार सोडून सकाळी साडेआठपासून तासभर तिकिटाशिवाय जाता येतं. पाठपिशवीवाल्यांना हे तोंडपाठ असतं. आत अंधार आणि खांब, खांब, खांब. साडेआठशेच्या वर. पहिला अब्द अल-रहमान याने आठव्या शतकात सुरू केलेली वास्तू, पुढच्यांनी वाढवत नेलेली. खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून उचललेले, म्हणून कुठे गुलाबी, कुठे काळसर, उंची कमी-जास्त. उंची भरून काढायला कमानीवर कमान, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. या जंगलाच्या मधोमध सोळाव्या शतकात चर्चचा उंच गाभारा घुसवलेला आहे. मान वर केली की लख्ख उजेड, सोनं, देवदूत. मला तो आगाऊपणा वाटला. इंजिनीअरचं म्हणणं वेगळं: तो घुसवला म्हणून बाकीचं कोणी पाडलं नाही.

बाईने मात्र तिथे आम्हाला आपली राहिलेली गोष्ट सांगितली. ९९७ मध्ये कोर्दोबाचा सत्ताधीश अल-मन्सूर याने उत्तरेत सांतियागोवर स्वारी केली, तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून इथे आणवल्या आणि त्यांचे दिवे करून या मशिदीत टांगले. १२३६ मध्ये कास्तिलचा ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने कोर्दोबा जिंकलं. त्या घंटा त्याने मुसलमान कैद्यांच्या खांद्यावर देऊन परत सांतियागोला पाठवल्या. "आता नाशिकची परत पाठवायची का?" वहिनीने विचारलं. बाईने बराच वेळ घेतला. "तिथे आता ती आरतीला वाजते," ती म्हणाली. पण हे उत्तर झालं नाही, हे तिलाही कळत होतं. दुपारी, तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाची काकवी ओतलेली बशी समोर असताना, या एका मुद्द्यावर दोन तास भांडण झालं. वहिनी परत पाठवण्याच्या बाजूची निघाली. हे मला वीस-बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. देवळातली घंटा म्हटल्यावर ती हात जोडेल आणि विषय मिटेल, असं मी धरून चालले होते.

ग्रनादाला अल-हंब्रा या डोंगरावरच्या किल्ल्यातल्या, नासरी सुलतानांच्या महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, नाव आणि पासपोर्टसकट. सकाळच्या वेळा कधीच संपलेल्या. कोणाला नको असते ती दुपारची वेळ आम्हाला मिळाली. आता वाटतं, तो महाल बांधलाच आहे त्या वेळेसाठी. डोंगरावर पाणी यावं म्हणून दार्रो नदीतून काही किलोमीटर वरून पाट काढून आणलाय. ते पाणी अंगणांतून, जिन्यांच्या कठड्यांतून, खोल्यांच्या मधून फरशीत कोरलेल्या चिंचोळ्या पन्हाळीतून वाहतं. सिंहांच्या चौकात बारा सिंहांच्या पाठीवरच्या थाळ्यावर दरबारी कवी इब्न झमरकची कविता कोरलेली आहे. वाहतंय ते पाणी की संगमरवर, असा तिचा आशय. बाहेर डोळे उघडवेनात असं ऊन, आणि आत सगळे देशोदेशींचे लोक भिंतीकडेला गप्प बसलेले. २ जानेवारी १४९२ ला इथला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने या महालाच्या किल्ल्या ख्रिस्ती राजाराणीला देऊन टाकल्या. थंडीतलीच तारीख ती. उन्हाळ्यात त्याला इथून बाहेर पडणं आणखी जड गेलं असतं, असं बाईचं मत.

रात्री साडेदहाला जेवायला बसलो. ग्रनादात पेय मागवलं की सोबत खायची बशी फुकट येते, काय येईल ते बारवाल्याच्या मर्जीवर. वहिनीच्या बशीत दोन्ही वेळा हामोन आलं आणि दोन्ही वेळा ते आमच्यात वाटलं गेलं. पुढच्या वेळी सिसिली, हे एव्हाना ठरलेलं होतं. बाईने फोनमध्ये कॅलेंडर उघडलं. "ऑक्टोबर बरा. हवा छान असते, दिवसभर हिंडता येईल."

"जुलै," इंजिनीअर म्हणाली.

"जुलैत मरायचंय? दुपारभर बसून राहावं लागेल."

"म्हणूनच."

मत मागितलं गेलं. वहिनी म्हणाली, आधी तिथे काबुली चण्यांचं काय मिळतं ते बघा. माझं मत राखीव आहे. तिकिटांचे दर जुलैत जास्त असतात आणि बटवा अजून माझ्याकडेच आहे.